फॅटी लिव्हर पुढच्या स्टेजला गेलंय, श्वासाच्या टेस्टने कॉम्प्लिकेशन कळतात का? नाशिकमध्ये होते का?

त्रिमूर्ती_चौक

नमस्कार मंडळी, वडिलांबद्दल विचारायचंय. जरा लांब होईल, पण सगळं एकदाच लिहितो म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

वडील ५८ वर्षांचे, अंबडच्या कंपनीतून आत्ताच रिटायर झालेत. शुगर जुनी आहे, पोट सुटलेलं आहे पण बाकी अंगाने जाड म्हणता येणार नाही. पक्के माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब नाही, दरवर्षी त्र्यंबकहून निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जातात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू कित्येक वर्षं येत होतं आणि जो तो म्हणायचा हे हल्ली सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी खा, झालं. आता दोन महिन्यांपासून थकवा वाटतोय म्हणून परत सगळं तपासलं तर प्लेटलेट १ लाख १२ हजार, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४८, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, सोनोग्राफीत प्लीहा १४ सेंटीमीटर, आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात ती तपासणी) १७ केपीए. डॉक्टर म्हणाले सिरोसिसची, म्हणजे लिव्हर कडक होऊन आतून खराब होण्याची, सुरुवात आहे पण लिव्हर अजून काम सांभाळून घेतंय, एन्डोस्कोपी करून घ्या. सिरोसिस शब्द ऐकल्यावर नातेवाइकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल ते सांगायला नको, आणि वडिलांना आजारापेक्षा तेच जास्त लागलंय.

आता मुद्दा. माझा चुलतभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणाला तिकडे श्वासाची टेस्ट करतात आणि लिव्हर किती काम करतंय ते त्यातून कळतं. इकडे एका लॅबच्या बोर्डावर पण मी 'ब्रेथ टेस्ट' लिहिलेलं बघितलंय. ती हीच का? आणि ती केली तर एन्डोस्कोपी टळेल का, कारण घशात नळी घालणार म्हटल्यापासून वडिलांनी जेवण कमी केलंय. कुणी केलीय का कुठे?

लॅबवाला_द्वारका

दादा, मी लॅब टेक्निशियन आहे, बोर्डावरच्या टेस्टबद्दल आधी सांगतो म्हणजे पैसे वाया जायला नकोत. आपल्याकडे नुसतं ब्रेथ टेस्ट लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा दोनातली एक असते. एक म्हणजे एच पायलोरीची, युरिया प्यायला देतात आणि पोटात तो जंतू असला तर तो युरिया फोडतो, त्यातला कार्बन श्वासात येतो. ती अ‍ॅसिडिटी-अल्सरवाल्यांसाठी, तिचा लिव्हरशी संबंध नाही. दुसरी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट. त्यात ग्लुकोज किंवा लॅक्टुलोज पाजायचं आणि मग ठरावीक वेळाने पेशंटला फुंकायला लावायचं. माणसाच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, तो फक्त आतड्यातले जंतू बनवतात, म्हणून लहान आतड्यात नको तेवढे जंतू वाढले असतील तर रीडिंग लवकर चढतं. ९० मिनिटांच्या आत सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने वाढलं तर पॉझिटिव्ह धरतात.

ही दुसरी टेस्ट सिरोसिसवाल्यांची कधी कधी सांगतात खरी, कारण त्यांच्यात जंतूंची ही वाढ बऱ्यापैकी दिसते. पण ती आतड्याची परिस्थिती सांगते, लिव्हर किती उरलंय ते नाही.

आणि कधी करायची वेळ आलीच तर तयारी नीट करा, आमच्याकडे निम्मे रिपोर्ट तयारीपायी बिघडतात. चार आठवडे आधीपासून अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी डाळ, उसळ, मिसळ, कोबी, दूध काही नको, संध्याकाळी साधा पांढरा भात आणि मग रात्रभर उपाशी. सकाळी विडी-सिगारेट नाही, टेस्ट चालू असताना झोपायचं नाही की फिरायला जायचं नाही. परवाच एक काका आले, सगळं पाळलं म्हणाले, आणि पहिलंच फुंकलेलं रीडिंग ४० च्या वर, म्हणजे अजून ग्लुकोज दिलंच नव्हतं. विचारलं तर रात्री मटकीची उसळ खाल्लेली. त्यांना परत पाठवावं लागलं. फुंकायची पण पद्धत असते, श्वास आत घेऊन थोडा रोखायचा आणि मग शेवटची हवा पिशवीत, सुरुवातीची तोंडातली हवा उपयोगाची नसते.

तुमच्या भावाने सांगितलेली टेस्ट वेगळी आहे, ती मी स्वतः कधी केलेली नाही. त्यावर कुणी डॉक्टर बोलले तर बरं.

फिजिशियन_गंगापूररोड

मी एमडी मेडिसिन आहे, लिव्हर स्पेशालिस्ट नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांचा. पण माझ्या ओपीडीत रोज फॅटी लिव्हर येतं म्हणून सविस्तर लिहितो.

भावाने सांगितलेली ती मेथासेटिन ब्रेथ टेस्ट. मेथासेटिन नावाचं औषध देतात, त्यातला एक कार्बन हा कार्बन-१३ असतो. हा किरणोत्सारी नाही, निसर्गातल्या कार्बनमध्ये साधारण १.१ टक्का तोच असतो. लिव्हरच्या पेशीतलं एक एन्झाइम, सीवायपी-१ए-२, हे औषध फोडतं, एका बाजूला आपली नेहमीची पॅरासिटामोल तयार होते आणि दुसऱ्या बाजूला तो खुणेचा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतो. मशीन तो मोजतं. जिवंत, काम करणाऱ्या पेशी जितक्या जास्त तितका तो कार्बन लवकर आणि भरपूर बाहेर येतो. बर्लिनमध्ये हेच औषध शिरेतून द्यायची पद्धत काढली, ती मुख्यतः लिव्हरचा तुकडा कापायच्या ऑपरेशनआधी वापरतात, उरलेलं लिव्हर पुरेल का ते बघायला. तोंडाने घ्यायच्या प्रकारात ७५ मिलिग्रॅम पाण्यातून देतात आणि तासभर नाकाजवळच्या नळीतून किंवा पिशव्यांत श्वास गोळा करतात.

तोंडाने दिलेल्या औषधात अजून एक गोष्ट पकडली जाते. सिरोसिसमध्ये लिव्हरच्या आतला रस्ता तुंबल्यामुळे आतड्यातून येणारं रक्त आडवाटेने, लिव्हरला वळसा घालून पुढे जातं. मग औषध पेशींपर्यंत पोचतच नाही आणि श्वासातलं रीडिंग अजून खाली येतं. म्हणून पोर्टल हायपरटेन्शनचा, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे येणाऱ्या शिरेतल्या वाढलेल्या दाबाचा, अंदाज या टेस्टने घेता येईल का, यावर बरंच काम झालंय आणि सिरोसिस आहे की नाही हे ती बऱ्यापैकी ओळखते. फायब्रोस्कॅन सांगतो कारखान्याच्या भिंती किती कडक झाल्यात, आणि ही टेस्ट सांगते आत किती माणसं कामावर आहेत.

पण सुरुवातीच्या फॅटी लिव्हरमध्ये तिचा फारसा उपयोग नाही, कारण लिव्हरचा राखीव साठा एवढा असतो की निम्मंअधिक बिघडेपर्यंत रीडिंग नॉर्मल येऊ शकतं. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांत ते एन्झाइम जोरात चालतं, सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने मंदावतं, कॉफी-चहातलं कॅफिन त्याच एन्झाइमवर गर्दी करतं. आणि आपल्या भागासाठी एक मजेशीर गोष्ट, ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या पिकांत कार्बन-१३ गहू-तांदळापेक्षा जरा जास्त असतो, म्हणजे बाजरीची भाकरी आणि गूळ खाणाऱ्याच्या श्वासात तो मुळातच थोडा चढा. म्हणून औषध द्यायच्या आधी एक श्वास घेऊन तो वजा करतात आणि टेस्ट संपेपर्यंत काही खाऊ देत नाहीत.

आता तुमच्या वडिलांचं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-फोर नावाचा आकडा निघतो, वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमच्या आकड्यांवरून तो ४.६ च्या आसपास येतो. १.३ च्या खाली असता तर निर्धास्त, २.६७ च्या वर म्हणजे जास्त धोका. त्यात फायब्रोस्कॅन १७ आणि प्लीहा वाढलेली. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत, तिथे चौथी टेस्ट नवीन काय सांगणार?

एन्डोस्कोपी टळेल का, तर इटलीत बावेनो इथे लिव्हरच्या डॉक्टरांची परिषद होते, तिथे २०१५ साली ठरलेला नियम असा की फायब्रोस्कॅन २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर, दोन्ही असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एन्डोस्कोपी नाही केली तरी चालते. वडिलांचा फायब्रोस्कॅन बसतो, प्लेटलेट बसत नाहीत. म्हणजे करायची. श्वासाच्या कुठल्याही टेस्टने त्या शिरा डोळ्याला दिसत नाहीत, आणि शिरा फुटून रक्ताची उलटी झाली तर मग जिवाशी गाठ असते. आधी दिसल्या तर गोळी चालू करता येते किंवा रबरबँड टाकता येतात. नळीची भीती वाटते हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, घशाला स्प्रे मारतात, गुंगीचं इंजेक्शन देऊन पण करतात, नुसतं बघायचं असेल तर काही मिनिटांचं काम आहे.

आणि दारू न पिता सिरोसिस होतो, रोज बघतो. रिपोर्टवर आता अशा फॅटी लिव्हरला एमएएसएलडी असं नवीन नाव यायला लागलंय, २०२३ पासून, त्याचा पायाच शुगर, पोटाची चरबी, कोलेस्टेरॉल हा आहे. नातेवाइकांना हे माझ्या नावावर सांगा हवं तर. वडिलांनी काही वावगं केलेलं नाही.

देवळालीची_लेक

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझ्या आईला हेच होतं, तिनेही कधी काही घेतलं नाही. आम्हाला कळायला उशीर झाला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. ती रोज अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची, पंधरा ते आठ ठिपके अगदी सहज. एका सकाळी बघितलं तर ठिपके सरळ पडलेत पण रेघा भलत्याच ठिपक्यांना जोडलेल्या, मधेच सोडून दिलेल्या, आणि ती तिथेच पिठी हातात धरून बसलेली. आम्ही म्हटलं वय झालं. नंतर रात्री जागी आणि दिवसा पेंगायला लागली, भाजीत मीठ दोनदा. आणि श्वासाला एक गोडसर, शिळ्या कोंदट खोलीसारखा वास यायचा, आम्ही दात दाखवून आणले. डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले तर पंजे फडफडत होते, तेव्हा कळलं की लिव्हरमुळे डोक्यात विष चढतंय. औषधांनी ती बरीच सुधारली, पुढे दिवाळीला स्वतः रांगोळी काढली.

म्हणून सांगते, वडिलांची झोप कशी आहे, सही नेहमीसारखी येते का, हरिपाठ म्हणताना अडखळतात का, हे घरच्यांनीच बघायचं असतं, कुठल्या मशीनच्या आधी घरच्यांना दिसतं ते.

डॉक्टर, एक विचारू का, तो वास म्हणजे पण श्वासातूनच लिव्हर कळणं झालं ना? मग त्याची टेस्ट का नाही?

फिजिशियन_गंगापूररोड

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. आईंना झालं त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात, आणि ओपीडीत त्यासाठी जी टेस्ट करतात ती खरंच तशीच आहे, कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेघेने जोडायचे आणि किती सेकंद लागले ते बघायचं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी आकड्यांऐवजी चित्रं असतात. तुमच्या आईंनी ती अंगणात आधीच दिली होती.

वासाचं म्हणाल तर तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइड नावाच्या गंधकाच्या वायूचा असतो. आतड्यातून तयार होणारे असे पदार्थ निरोगी लिव्हर साफ करतं, नाही केले की ते रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतात. जुन्या डॉक्टरांना तो खोलीत शिरल्यावर ओळखू यायचा. आता मशीनने श्वासातले असे उडणारे पदार्थ मोजायचं संशोधन चालू आहे. त्यात लिमोनीन बरंच पुढे आलंय, संत्र्या-लिंबाच्या सालीत असतं तेच, खाण्यातून पोटात जातं आणि लिव्हर त्याची विल्हेवाट लावतं. सिरोसिसमध्ये ती नीट लागत नाही म्हणून श्वासात साठलेलं दिसतं. दिशा चांगली आहे, आणि मला मनापासून वाटतं की कधीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुंकून घेऊन पुढे कुणाला पाठवायचं ते ठरेल. २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर शुगर-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, तिथे अशी स्वस्त टेस्ट फार उपयोगाची पडेल. पण आज हे संशोधनात आहे, त्यावर वडिलांचा निर्णय नाही घ्यायचा.

अजून एक, लॅबवाल्या दादांच्या हायड्रोजन टेस्टबद्दल. एन्सेफॅलोपथीवर जे लॅक्टुलोजचं सिरप आणि रिफॅक्सिमिन देतात त्या दोन्हीने ती टेस्ट बिघडते. पण तेवढ्यासाठी कुणी ही औषधं मनाने बंद करू नका, कृपया. एक-दोन दिवस सिरप चुकलं आणि बद्धकोष्ठ झालं की पेशंट गुंगीत जातो.

निफाडकर_द्राक्षवाले

आमच्या चुलत्यांना पण सिरोसिस सांगितलाय. गावात एकजण गुळवेल आणि कसला कसला काढा देतो, लिव्हर धुवून निघतं म्हणतो, बऱ्याच जणांना गुण आला म्हणे. द्यावा का? आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नसेल ना

फिजिशियन_गंगापूररोड

दादा, नका देऊ. गुळवेलीने लिव्हरला सूज आलेल्या पेशंटच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापल्यात. आणि गावच्या काढ्यात नेमकं काय काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्यांचं लिव्हर चांगलं आहे ते असा धक्का पचवतात, तुमच्या चुलत्यांकडे राखीव उरलेलंच कमी आहे. आयुर्वेदाचं घ्यायचंच असेल तर पदवीधर वैद्यांकडून, आणि लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवूनच. डोळे पिवळे, पोटात पाणी, काळी डांबरासारखी शी, यातलं काही दिसलं तर काढ्यासाठी थांबू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

त्रिमूर्ती_चौक

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः डॉक्टर आणि ताई. रात्री वडिलांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. दारूवालं वाचल्यावर म्हणाले, हे जरा तुझ्या आत्याला फोनवर वाचून दाखव. एन्डोस्कोपीला तयार झालेत, गुंगी देऊन करणार, डॉक्टरांशी बोलून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. आकडे जोडायचा खेळ पण करून बघितला, नीट जोडले.

आता त्यांचे दोन प्रश्न आहेत आणि ते माझ्याकडून लिहून घेतायत. एक, वारीला जाता येईल का. दोन, एकादशी धरतात महिन्याच्या दोन्ही, ती चालेल का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मला आधी सांगा, मी हळूहळू सांगेन.

फिजिशियन_गंगापूररोड

दुसऱ्याचं आधी. निरंकार उपास अजिबात नाही. सिरोसिसमध्ये लिव्हरला साखर साठवून ठेवता येत नाही, रात्रभर उपाशी राहिलं तरी शरीर स्नायू खायला लागतं, म्हणून उलट रात्री झोपताना काहीतरी खायला सांगतो. आणि साबुदाण्यात प्रोटीन नावाला पण नाही. एकादशी मोडायची नसेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा असं दर तीन-चार तासांनी, आणि झोपताना कपभर दूध. शुगर आहे म्हणून साबुदाणा, बटाटा, केळी बेताने. बाकीच्या दिवशी डाळी, उसळी भरपूर, लिव्हरवाल्याने प्रोटीन बंद करायचं हा जुना समज आता कुणी धरत नाही. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत रोज लागतं. मीठ कमी, पापड-लोणचं सोडायचं. वजन घटवायचं असेल तर हळूहळू, आहारतज्ज्ञाला विचारून.

वारीचं एन्डोस्कोपीनंतर ठरवा. शिरा मोठ्या निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त. चालणं लिव्हरला चांगलंच आहे, रोज गोदापार्कवर चालायला लावा, दम बघा. पण वारीत पाय दुखले की तंबूत जो तो खिशातली पेनकिलर काढून देतो, ती घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅम, कुठलीच नाही, किडनी जाते आणि रक्तस्राव होतो. दुखलं तर पॅरासिटामोल, दिवसाला एकूण दोन ग्रॅमच्या आत. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या झोळीत ठेवा आणि दिंडीतल्या दोघा-चौघांना पण सांगून ठेवा.

देवळालीची_लेक

दादा, एन्डोस्कोपीला जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, खास करून मागच्या चार-पाच वर्षांचे सीबीसी. प्लेटलेट कधीपासून उतरतायत ते डॉक्टरांना त्यातून दिसतं, आमच्या वेळी तेच विचारलं होतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी सकाळी घ्यायचं का नाही ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, उपाशीपोटी घेतलं तर शुगर खाली जाते. आणि गुंगी देणार असतील तर वडिलांना बाईकवर मागे बसवून आणू नका, रिक्षा करा.

त्रिमूर्ती_चौक

हो ताई, भावाची गाडी घेतोय. सीबीसी २०१९ पासूनचे सापडले, तेव्हा १ लाख ९० हजार होत्या, दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत गेल्यात, कुणी ओळीने मांडून बघितल्याच नव्हत्या. डॉक्टर, बहिणीला पण शुगर आहे आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, वय ३६. तिचं फिब-फोर मी घरीच काढू का?

फिजिशियन_गंगापूररोड

काढा, पण ३५-४० च्या आसपासच्या वयात तो आकडा तेवढा भरवशाचा नसतो, कमी आला तरी निर्धास्त होऊ नका. शुगर आहे आणि वडिलांना सिरोसिस आहे म्हणजे तिचा एक फायब्रोस्कॅन करून घ्या, तीन तास उपाशी राहून जायचं, सुई नाही नळी नाही. वडिलांच्या शिरांचा रिपोर्ट आला की इथेच टाका.